तराजूच्या अलीकडे

दसरा झाला की जळगावात घरोघरी माळे उघडतात. वर्षभर कुणी हात न लावलेली गाठोडी, पत्र्याच्या पेट्या, खोकी खाली येतात. बायका तोंडाला पदर बांधून जळमटं काढतात, पोरं शिडी धरून उभी राहतात आणि दुपार कलेपर्यंत ओट्यावर ढीग जमतो. त्यात मोडका स्टूल असतो, गंजलेली शेगडी असते आणि हमखास एक पोतं पुस्तकांचं असतं. ‘भंगार, रद्दीऽऽ’ अशी हाळी देत लोटगाडी येते, पोतं तराजूच्या आकड्याला लागतं आणि कुणाच्या तरी जन्मभराचं वाचन दहा मिनिटांत घराबाहेर पडतं.

आमच्या घरातूनही असं एक पोतं गेलं होतं. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि शिडी मीच धरली होती. आजोबांची पुस्तकं त्यात होती, दिवाळी अंक होते आणि आजीची एक निळ्या पुठ्ठ्याची वही होती. आजीनं तीत आखाजी, कानबाई या सणांची गाणी आणि जात्यावरच्या ओव्या उतरवून ठेवल्या होत्या. वही गेल्याचं चार दिवसांनी लक्षात आलं. तोवर लोटगाडीवाला कोण आणि त्याची वखार कुठली, हेही कुणाला सांगता येईना. जुनी पुस्तकं, जुनी गाणी विकणाऱ्या दुकानांबद्दल मला वाटणारी ओढ तेव्हापासूनची आहे. या लेखासाठी जळगाव-धुळ्याला हिंडताना मनात एकच प्रश्न होता. पोतं घरातून निघतं आणि कागद लगद्याच्या कारखान्यात पोचतो, त्या वाटेवर मध्ये कोण उभं असतं?

वखारीतली निवड

जळगावात असा एक माणूस मला भेटला. सगळे त्यांना आबा म्हणतात. मीही आबाच म्हणेन. वय सत्तरीच्या पुढे, अंगात पांढरा सदरा, खिशाला पेन्सिल. गावात त्यांचं पुस्तकांचं जुनं दुकान आहे. दुकान म्हणजे दोन शटरांच्या मधली चिंचोळी जागा, पण त्यांचं खरं काम संध्याकाळी रद्दीच्या वखारीत चालतं. एका संध्याकाळी त्यांनी मला सोबत नेलं.

वखारवाल्यानं पोतं उलटं केलं. वर्तमानपत्रं एका बाजूला, पुठ्ठे दुसऱ्या बाजूला आणि मधे पुस्तकांचा ढिगारा. आबा उकिडवे बसले. पुस्तक उचलायचं, उभं धरून कण्याकडून बघायचं, अंगठ्यानं पानं सर्रकन सोडायची. बांधणी शिवणीची आहे की नुसत्या गोंदाची, हे त्यांना त्या आवाजावरून कळतं. शिवलेलं पुस्तक पन्नास वर्षं झाली तरी फर्म्याफर्म्यानं एकत्र राहतं, गोंदाचं दोन उन्हाळ्यांत पानगळीला लागतं आणि खानदेशातले उन्हाळे पुस्तकाला फार कडक. मग आबा मधलं पान उघडून वाळवीची भोकं बघतात. भोकं कोरड्या कडांची असली तर वाळवी जुनी, पुस्तक वाचेल. माती लागलेली असली तर ते पुस्तक दुकानात नेलं की बाकीची पुस्तकंही जायची. शेवटी नाकाशी धरून ओल बघतात. शे-दीडशे पुस्तकांतून त्या दिवशी त्यांनी अकरा निवडली आणि किलोच्या भावानंच, पण वजनाहून थोडे जास्त पैसे वखारवाल्याच्या हातात ठेवले.

‘‘जास्त का दिले?’’ मी विचारलं.

‘‘तो माह्यासाठी पोतं थांबवतो भाऊ,’’ आबा म्हणाले. ‘‘त्याले काय, सकाळीच ट्रक भरता येते.’’

जुन्या पुस्तकांचा अख्खा व्यवहार या थांबवलेल्या पोत्यावर उभा आहे. वखारवाल्याला कागदाचं वजन कळतं, वाचकाला पुस्तकाचं नाव कळतं. या दोघांच्या मधे दोन्ही कळणारा माणूस असावा लागतो. जळगावच्या सराफ बाजारात सोनं कसाला लावून बघणारे पिढीजात लोक आहेत. आबांचं काम त्याच जातीचं आहे. फक्त त्यांच्या मालाला बाजारभाव नाही.

‘पूर्व खानदेश’चा शिक्का

आबांच्या दुकानात समोरच्या फळ्यांवर परीक्षेची पुस्तकं असतात. पोलीस भरती, तलाठी, टीईटी, एमपीएससी. जूनमध्ये शाळा सुरू होताना बालभारतीची जुनी पुस्तकं निम्म्या किमतीत जातात आणि मोठ्या भावाचं पुस्तक धाकट्याच्या दप्तरात जावं तशी शेतमजुराच्या घरात दोन-तीन पोरं एकाच पुस्तकावर शिकून निघतात. वर्षभराचं भाडं या पुस्तकांवर निघतं. अभ्यासक्रम बदलला की मात्र तीच पुस्तकं रात्रीतून रद्दी होतात. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, तेव्हा वस्तुनिष्ठ प्रश्नसंचांची अख्खी रांग आबांना स्वतःच्या हातानं वखारीत परत न्यावी लागली.

मागच्या फळ्यांवर वेगळं जग आहे. तिथे कथा-कादंबऱ्या, चरित्रं, नाटकांच्या संहिता, कवितासंग्रह आहेत. एक जाड पुस्तक मी काढलं. पहिल्या पानावर जांभळ्या शाईचा गोल शिक्का होता. वाचनालयाचं नाव पुसट झालं होतं, पण कडेनं फिरलेली अक्षरं स्वच्छ होती: पूर्व खानदेश. एवढ्या दोन शब्दांवरून पुस्तकाचं वय सांगता येतं. इंग्रजांनी १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे दोन भाग केले. जळगावकडचा पूर्व खानदेश, धुळ्याकडचा पश्चिम खानदेश. पुढे १९६० नंतर ती नावं कागदोपत्री मिटली आणि जळगाव, धुळे ही नावं जिल्ह्यांना मिळाली. म्हणजे तो शिक्का या अर्धशतकाच्या आतला. शिक्क्याखाली शाईनं दाखल क्रमांक होता आणि शेवटच्या पानावर चिकटवलेल्या पट्टीत पुस्तक परत करायच्या तारखा. कितीतरी वाचकांच्या हातातून ते फिरलं होतं.

हे वाचक कोण असतील? हा प्रदेश केळी-कापसाचा, व्यापाराचा म्हणून ओळखला जातो. पण इथल्या वाचनाला वय आहे. १९०७ साली जळगावात कविसंमेलन भरलं, डॉ. कीर्तिकर अध्यक्ष होते आणि धरणगावच्या सतरा वर्षांच्या त्र्यंबक ठोंबऱ्यांना तिथे ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. अकरा वर्षांनी, ५ मे १९१८ ला, जळगावजवळच्या भादली स्टेशनात रेल्वेखाली सापडून ते गेले. १९३६ ला माधव ज्युलियन यांच्या आणि १९८४ ला शंकरराव खरात यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन जळगावात झालं, १९४४ ला मामा वरेरकरांच्या अध्यक्षतेखाली धुळ्यात. अमळनेरनं तर १९५२ आणि २०२४ असे दोनदा मांडव घातले. यावल तालुक्यातल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ ला आली. आबा सांगतात, तीच कादंबरी सगळ्यांत जास्त वेळा परत येते आणि सगळ्यांत लवकर जाते. कॉलेजची पोरं घेतात, समासात काहीबाही लिहितात, नोकरी लागली की विकतात आणि पुढचं पोरगं त्या समासासकट विकत घेतं.

एक वही आणि तिचं नशीब

जळगावात जुन्या कागदांबद्दल बोलताना चौधरी वाड्याशी येऊन थांबावंच लागतं. असोद्याची लेक बहिणाबाई जुन्या जळगावातल्या या वाड्यात नांदायला आली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. घरोट फिरवताना, शेतात निंदताना तिला गाणी सुचत आणि ती म्हणून टाकी. तिचा मुलगा सोपानदेव आणि तिच्या नात्यातले पितांबर चौधरी यांनी त्यातली काही कागदावर उतरवली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही संकोचतच आचार्य अत्र्यांना दाखवली. हे छापलंच पाहिजे, असा हट्ट अत्र्यांनी धरला, प्रस्तावना लिहिली आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. आज इथल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

ही हकीकत मराठी माणसाला पाठ आहे. पण जुन्या पुस्तकांच्या दुकानात बसून ती आठवली की अंगावर काटा येतो. ती वही एखाद्या दसऱ्याला माळ्यावरून खाली आली असती आणि घरात सोपानदेव नसते तर? बहिणाबाईंनी म्हटलेल्या पुष्कळ ओव्या उतरवल्याच गेल्या नाहीत. ज्या वाचल्या त्या एका हातानं लिहिल्या, दुसऱ्यानं जपल्या, तिसऱ्यानं छापल्या म्हणून. मधला जपणारा हात नसता तर पहिला आणि तिसरा दोन्ही वाया गेले असते.

आबांच्या दुकानात मागच्या बाजूला एक लोखंडी ट्रंक आहे. तिच्यात फक्त हातानं लिहिलेलं ठेवतात. कीर्तनकाराचं टाचण, शेताचे हिशेब, औषधांच्या चिठ्ठ्या डकवलेली बाडं, गाण्यांच्या वह्या. ती विकायला नसतात. का, असं विचारलं तेव्हा आबा म्हणाले, ‘‘छापेल परत भेटते भाऊ. हातानं लिहेल कुठून भेटीन?’’

तबकडी, कॅसेट आणि मेमरी कार्ड

पुस्तकाला निदान उघडून बघता येतं. गाण्याचं तसं नाही. तबकडी किंवा कॅसेट समोर असते, पण आत काय आहे हे यंत्राशिवाय कळत नाही, म्हणून गाण्याचा जुना बाजार दुरुस्तीवाल्यांनी टिकवला.

जळगावात जुने रेडिओ, टेप दुरुस्त करणारे एक बापू आहेत. त्यांच्या टेबलावर स्क्रूड्रायव्हरांची रांग, मोटारीचे रबरी पट्टे, स्पिरिटची बाटली आणि कापूस. भिंतीला टेकून जुन्या रेकॉर्डी उभ्या. लाखेची ७८ फेऱ्यांची तबकडी त्यांनी मला हातात कशी धरायची ते दाखवलं. दोन्ही तळहातांच्या मधे, कडेवर. मग खिडकीच्या उजेडात तिरपी केली. ‘‘उजेड गोल फिरला तर ठीक, मधे तुटला तर ओरखडा.’’ या तबकडीत एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं गाणं मावतं आणि पोलादी पिन दर बाजूला बदलावी लागते, नाहीतर खाच झिजते. हातातून पडली तर लाखेची तबकडी काचेसारखी फुटते. तरी नव्वद वर्षांपूर्वीचे आवाज तिच्यात सुखरूप आहेत. बापूंनी बालगंधर्वांची एक तबकडी लावली. सुरुवातीला खरखर, मग त्यातून वर येणारा तो स्वर. छोट्या नारायण राजहंसनं गाण्याचे पहिले धडे याच गावात महेबूबखानांकडे घेतले होते, हे इथली जाणती माणसं अजून अभिमानानं सांगतात. तापीकाठचं थाळनेर हे लता मंगेशकरांचं आजोळ. पळसखेड्याच्या ना. धों. महानोरांनी जळगावच्या कॉलेजात शिकून गाणी लिहिली, १९७७ च्या ‘जैत रे जैत’ची रेकॉर्ड घराघरात गेली. बहिणाबाईंचे शब्द १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटात गाणी होऊन आले आणि ज्या बायांना पुस्तक वाचता येत नव्हतं त्यांच्यापर्यंत पोचले. १९७६ ला आकाशवाणीचं जळगाव केंद्र सुरू झालं आणि इथली बोली हवेतून ऐकू येऊ लागली.

हे सगळं सांभाळलं गेलं, कारण त्यामागे कंपन्या होत्या, चित्रपट होते, सरकारी केंद्र होतं. मुंबईत १९९० पासून रेकॉर्ड जमवणाऱ्यांची संस्था आहे, तिथली मंडळी तबकड्यांच्या क्रमांकांपासून सगळं नोंदवतात. माझा जीव तुटतो तो कॅसेटसाठी. ऐंशी-नव्वदच्या दशकांत कॅसेट स्वस्त झाली आणि पहिल्यांदाच खेड्यातल्या गाणाऱ्याला मुंबईचा दरवाजा न ठोठावता स्वतःचा आवाज विकता आला. कानबाईची गाणी, आखाजीच्या झोक्यावरची गाणी, वहीगायन, तमाशातले वग, अहिराणी विनोद, लग्नातल्या हळदीची गाणी. स्टँडाजवळच्या टपऱ्यांवर, यात्रेत, आठवडे बाजारात त्या कॅसेटी ढिगानं विकल्या गेल्या. कव्हर एका रंगात छापलेलं, गाणाऱ्याचं नाव कधी अर्धंच. वाचनालयांनी त्या घेतल्या नाहीत, कारण त्या पुस्तकं नव्हत्या. संग्राहकांनी घेतल्या नाहीत, कारण त्यांना त्या किरकोळ वाटल्या. मग सीडी आल्या, मग मोबाइलच्या दुकानांत मेमरी कार्डात शेकड्यानं गाणी भरून मिळू लागली, मग ती दुकानंही ओस पडली. आज अहिराणी गाणी यूट्यूबवर लाखो लोक ऐकतात आणि ती महाराष्ट्राबाहेरच्या लग्नांतही वाजतात, याचा मला मनापासून आनंद आहे. पण मधल्या काळाचा खानदेश कॅसेटच्या तपकिरी फितीवर आहे आणि ती फीत दर उन्हाळ्यात थोडी थोडी चिकटत चालली आहे.

बापूंकडे बसलो असताना एक बाई आल्या. पिशवीतून रुमालात बांधलेली कॅसेट काढली. सासूबाई कानबाईच्या रात्री गात, तेव्हा कुणीतरी टेपवर भरून घेतलेलं. ‘‘बापू, यातलं पेनड्राइव्हवर करून द्या. पोरीचं लग्न आहे, तिला आजीचा आवाज देऊन पाठवायचाय.’’ बापूंनी कॅसेट उलटसुलट बघितली. फितीला दाबून धरणारा स्पंजाचा इवलासा तुकडा झडून गेला होता. त्यांनी दुसऱ्या, निकामी कॅसेटमधून तसा तुकडा चिमट्यानं काढला, थेंबभर गोंद लावला, वाळू दिला. मग पेन्सिल चाकात घालून फीत हळूहळू ताणात आणली. बटण दाबलं. आधी टाळ, मग लांबून कुणाचं तरी हसणं, मग एका म्हाताऱ्या बाईचा चिरका, ठाम आवाज. बाई उभ्या होत्या त्या खाली बसल्या. आम्ही कुणीच बोललो नाही. बापूंनी फक्त आवाजाचं बटण थोडं वाढवलं.

नंतर ते म्हणाले, ‘‘नवं दुरुस्तीला काही येत नाही आता. गेलेल्या माणसांचे आवाजच येतात. तेवढ्यासाठी दुकान उघडतो.’’

धुळ्याची शिकवण

जळगावहून एसटीनं पाळधी, एरंडोल, पारोळा करत धुळ्याला उतरलं की गाव आखीव वाटतं. १८१८ नंतर खानदेश इंग्रजांकडे गेला तेव्हा कॅप्टन ब्रिग्जनं पांझरेकाठी हे नवं गाव आखलं. आजही पत्त्यात गल्लीचा नंबर लिहितात. आग्रा रोडवर कापड, भांडी, सोनं यांच्या गर्दीतून आत शिरलं की शालेय पुस्तकांची दुकानं लागतात आणि त्यांच्या आडोशाला कुठे कुठे जुन्या पुस्तकांची मांडणी.

पण धुळ्याचं मोठेपण दोन इमारतींत आहे आणि जुन्या कागदावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकानं त्या बघायला हव्यात. पहिली इतिहासाचार्य राजवाडे संशोधन मंडळाची. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव वाड्यांच्या माळ्यांवर, देवघरांत, अडगळीत हिंडले. वाईला सापडलेल्या पानिपतच्या काळातल्या पत्रांचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे पुढे बावीस खंड झाले. ज्या कागदांना घरच्यांनी कसरीच्या हवाली केलं होतं, त्यांच्यातून मराठ्यांच्या इतिहासाला पुरावा मिळाला. ३१ डिसेंबर १९२६ ला राजवाडे धुळ्यातच गेले. त्यांनी जमवलेली दप्तरं विखुरू नयेत म्हणून धुळेकरांनी त्यांच्या नावानं मंडळ उभारलं.

दुसरी इमारत समर्थ वाग्देवता मंदिराची. नानासाहेब देव हे धुळ्यातले वकील. रामदासी मठांमधून बाडं गोळा करण्यात त्यांनी हयात घालवली. डोमगावच्या मठातल्या कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून दासबोध त्यांनी १९०५ साली प्रसिद्ध केला. समर्थांच्या हस्ताक्षरातलं वाल्मीकी रामायण याच मंदिरात जपलेलं आहे. इथे गाभाऱ्यात पूजा आहे ती पोथ्यांची. लाल कापडात बांधलेली बाडं एकावर एक रचलेली बघताना मला आबांच्या ट्रंकेची आठवण झाली.

आणि तिसरी जागा तुरुंगाची. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक अशी गीतेवरची अठरा प्रवचनं त्यांनी कैद्यांपुढे दिली. ऐकणाऱ्यांत साने गुरुजी होते आणि ते भराभर लिहून घेत होते. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक त्या लेखणीतून वाचलं. हेच गुरुजी अमळनेरला शिक्षक असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी रोज हातानं ‘छात्रालय दैनिक’ लिहीत. एका प्रतीचं वर्तमानपत्र! एकच प्रत असलेल्या गोष्टीचं मोल त्यांना कळत होतं.

राजवाडे, देव, सोपानदेव, साने गुरुजी. या मातीत वावरलेल्या चार माणसांनी एकच काम केलं. नाहीसं होऊ घातलेलं वेळेवर उचललं. आबा आणि बापू यांना मी त्यांच्या पंगतीत बसवतो आहे, हे मला पूर्ण जाणिवेनं म्हणायचं आहे. विद्वत्तेत ते त्यांच्या जवळपास नसतील. काम मात्र तेच आहे आणि तेही पगाराशिवाय, सन्मानाशिवाय, भाड्याच्या गाळ्यात.

वाट बघणारी पुस्तकं

धुळ्यात मला भेटलेले नाना रस्त्याकडेला मेणकापड अंथरून बसतात. त्यांचं बोलणं चोख अहिराणी. धंदा कसा आहे विचारलं तर म्हणाले, ‘‘परीक्षानं पुस्तक लगेच जास भाऊ. कादंबरी मातर वाट देखत बठी ऱ्हास.’’ पावसाळ्यात मेणकापड खालचं वर घ्यायचं, उन्हाळ्यात दुपारी पुस्तकांवर ओलं पोतं नाही टाकता येत म्हणून स्वतःची छत्री त्यांच्यावर धरायची. हातगाड्या हटवण्याची मोहीम आली की दोन-तीन दिवस सगळं बंद. त्यांच्या मुलानं सुरतेला नोकरी धरली आहे. दुकान पुढे कोण चालवणार, हा प्रश्न मी तिघांनाही विचारला आणि तिघांनीही रस्त्याकडे बघितलं.

नानांच्या मांडणीत मला एकाच वाचनालयाचे शिक्के असलेली पंचवीस-तीस पुस्तकं दिसली. चांगली, धडधाकट. वाचनालयानं ‘बाद’ म्हणून वजनावर काढलेली. त्यात या भागातल्या लेखकांची पुस्तकंही होती, जी आता छापली जात नाहीत. दोष एकट्या त्या वाचनालयाचा नाही. आपला सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. अनुदान दर्जावर मिळतं, दर वर्षी नवी पुस्तकं घ्यावी लागतात, जागा मात्र तेवढीच राहते. मग जुनं जातं. पण जाताना ते कुणीतरी वाचता येणाऱ्या, प्रदेश माहीत असलेल्या माणसानं चाळायला नको का? जुनी वाचनालयं आहेत, विद्यापीठ आहे, धुळ्यात का. स. वाणी मराठी प्रगत अध्ययन संस्थेसारखी जागा आहे, राजवाडे मंडळ आहे. जिल्ह्यात एखादी खोली अशी असावी, जिथे बाद होणारी पुस्तकं वखारीत जाण्याआधी महिनाभर थांबतील. स्थानिक लेखकाचं पुस्तक, स्थानिक छापखान्यातलं चोपडं, हातची वही, कॅसेट एवढं काढून घेतलं तरी पुष्कळ झालं. हे काम आबांसारख्या माणसाला मानधन देऊन सांगितलं, तर त्यांच्या डोळ्यांतलं ज्ञान पुढच्या पोरांनाही मिळेल. ते ज्ञान कुठल्याच अभ्यासक्रमात नाही आणि आबांच्या बरोबर जाईल.

घरोघरी करण्यासारखंही एक काम आहे. पोतं आकड्याला लावण्याआधी एक तास बसा. प्रत्येक पुस्तकाचं पहिलं पान उघडा. हातानं लिहिलेलं काही असेल तर बाजूला ठेवा. कॅसेटवर कुणाचं नाव आहे ते वाचा. बाकीचं खुशाल द्या, पण तराजूवाल्याला देण्याआधी फळीवाल्याला विचारा.

निळी नव्हे, हिरवी

जळगाव सोडण्याआधी मी आबांना माझ्या आजीच्या वहीबद्दल सांगितलं. त्यांनी काही न बोलता ट्रंक पुढे ओढली. आम्ही दोघांनी सगळं बाहेर काढलं. निळ्या पुठ्ठ्याच्या दोन निघाल्या. एक किराण्याचा हिशेब, दुसरी कुणाची गणिताची. आजीची वही तिथे नव्हती. ती असण्याचं काही कारणही नव्हतं, तरी हात थांबत नव्हते.

तळाशी एक हिरवी वही होती. आत बायकी, टपोऱ्या अक्षरात गाणी. पहिल्या पानावर बाईचं नाव आणि चोपड्याकडच्या एका खेड्याचं नाव. आबांनी ती माझ्या हातात ठेवली. पैसे काढायला लागलो तर हात धरला. ‘‘गाव लिहेल आहे ना? मंग पोचवून द्या. माहे गुडघे नाही चालत.’’

पुढच्या रविवारी मी त्या खेड्यात गेलो. घराला कुलूप होतं. बाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा सुरतेला. शेजारच्या काकांनी फोन लावून दिला. मी वहीबद्दल सांगितलं तेव्हा पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग ते म्हणाले, ‘‘एखादं वाचून दाखवता का भाऊ?’’

बंद घराच्या ओट्यावर बसून मी पहिलं पान वाचायला घेतलं. मागे यंत्रमागांची खडखड ऐकू येत होती, ते कारखान्यातूनच बोलत असावेत. दोन ओळी झाल्या. तिसरी मी वाचण्याआधी त्यांनी म्हटली, चालीत. मग चौथी. पुढचं अख्खं गाणं त्यांना पाठ होतं. मी वहीत बोट ठेवून ऐकत राहिलो. एका ठिकाणी ते अडले, तेवढी ओळ मी सांगितली.

वही आता सुरतेला पोचली आहे.